खोपीतली बिडी

धरणाचं पाणी ओसरलं, की पुंजाराम उघड्या पडलेल्या गाळात हरभरा पेरायचा आणि काठावरच्या पाचटाच्या खोपीत पडून बिडी ओढायचा. शेजारच्या दहाही खोपींत हीच तऱ्हा. यंदा त्याची बायको सारजाबाई पैठणच्या बाजारातून सरकारी हुकूम ऐकून आली: खोपीत जो बिडी पेटवील, त्याची गाळाची जमीन काढून घेणार.

जमीन सरकारची, कसायला मिळायची तीही हंगामापुरती. त्या दिवसापासून झाडून सगळे बाप्ये पाण्यात पाय सोडून बिड्या ओढू लागले.

माघात सरकारी जीप आली. पुंजाराम सगळ्यांच्या पुढं झाला. "साहेब, तुमचा हुकूम तंतोतंत पाळला. दरसाल एखादी खोपी जळायचीच, यंदा एक नाय."

"कोणता हुकूम?"

"खोपीत बिडी न ओढायचा."

साहेबांनी फाईल चाळली. "काका, असा हुकूम निघालेलाच नाही."

साऱ्या माना सारजाबाईकडं वळल्या. तिनं बाहेरच्या चुलीवरची भाकर उलटली.

"निघाला नसंल तर आज काढा की साहेब," ती म्हणाली. "पाळणारी माणसं मी तयार करून ठेवलीत."