मागची स्प्रिंग

"मागच्या रेसचंच सेटिंग राहू दे की," धैर्यशील म्हणाला. "टेप कशाला काढतीस?"

संज्योतनं ऐकलं नाही. दर रेसआधी भाऊ लेदरचा सूट आणि हेल्मेट चढवून गाडीवर बसायचा, आणि त्याच्या वजनानं मागची स्प्रिंग किती दबते ते ती मोजायची. स्प्रिंग वजनाच्या मानानं कडक राहिली, तर वळणात गाडी झोपवल्यावर मागचं चाक सुटतं. या बाबतीत तिनं कधी कुणाचं ऐकलं नव्हतं.

तो बसला. गाडी जेमतेम दबली. तिनं टेप झटकून पुन्हा मोजलं.

"स्प्रिंग जाम झाली असंल," ती म्हणाली.

"गेल्या आठवड्यात तूच नवी बसवलीस."

जाड सुटाच्या आत माणूस किती उरलाय, ते बाहेरून दिसत नव्हतं. त्याचा पोटाचा कॅन्सर पार गेला म्हणून आईनं दिवाळीत गल्लीभर पेढे वाटले होते.

"परत आलाय?" संज्योतनं विचारलं.

हेल्मेट हललं. "आईला सांगू नकोस."

ती गाडीमागं उकिडवी बसली आणि पाना लावून स्प्रिंग सैल करायला लागली. पाना दोनदा निसटला. शेजारच्या तंबूत कुणीतरी इंजिन रेस करत होतं, तेवढा आवाज तिला बरा वाटला.

"झालं," शेवटी ती म्हणाली. "आता वजनाला बरोबर बसली."

धैर्यशीलनं हेल्मेटची काच वर केली नाही.

"अजून थोडी सैल कर," तो म्हणाला. "म्हणजे पुढच्या रेसला परत मोजायला नको."