लाल ओळी

सहाव्या पाहुण्याच्या खांद्यावर शाल पडली, तेव्हा तासातली पन्नास मिनिटं संपली होती. तास साठ मिनिटांचा.

शिवांजली कडेच्या खुर्चीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. वडूजहून पहिल्या एसटीनं ती कडेगावच्या या कॉलेजात यायची. नोकरी तासिकेवरची, दर साली नव्यानं मागायची. यंदा संस्थेनं अट घातली होती. नव्या संगणक वर्गाच्या उद्घाटनाला पाहुण्यांसमोर किमान दहा मिनिटं शिकवायचं. मग अध्यक्ष मुलांना एक प्रश्न विचारणार. एकाला जरी उत्तर आलं, तर पुढचं वर्ष पक्कं.

त्यासाठी तिनं तीन आठवडे खपून एक्सेलमध्ये गणित मांडलं होतं. म्हशीच्या वैरणीचं. कडबा किती, पेंड किती घातली म्हणजे दूध जास्तीत जास्त निघेल? बदलता येतील ते रकाने हळदीसारखे पिवळे. ज्यांना हात लावायचा नाही ते कुंकवासारखे लाल. आणि जे वाढवायचं, तो एकच रकाना, कोवळ्या उसासारखा हिरवा. खुद्द म्हशीनं वाचलं असतं तरी तिला कळलं असतं.

आता एकच सत्कार उरला होता, अध्यक्षांचा. अध्यक्ष म्हणजे सुभेदार आकाराम, फौजेतून निवृत्त होऊन आलेले. पण फेटा बांधणारे चांदसाहेब थबकले. सुभेदारांचं डोकं मोठं आणि हातातला फेटा आखूड. लांबडा गाडीत राहिला होता. ते तो आणायला धावले.

"मॅडम, तोवर तुमचं उरकून घ्या," प्राचार्य म्हणाले.

शिवांजली उठली. पडदा उजळला, पण त्यावर म्हैस नव्हती. बसल्या बसल्या तिनं त्याच गणितातल्या ओळींची नावं बदलली होती. दीपप्रज्वलन व स्वागतगीत, आठ मिनिटं. प्रास्ताविक, बारा. सात सत्कार, प्रत्येकी पाच. सगळ्या ओळी लाल. हिरव्या रकान्याचं नाव होतं, शिकवणं. अट, किमान दहा.

"हे सगळं साठ मिनिटांत बसवायचंय," ती म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं उमटली. या अटींमध्ये उत्तर निघत नाही.

प्राचार्यांनी रुमाल काढला. "मशीन नवीन आहे, साहेब. बसेल हळूहळू."

सुभेदार मात्र नकाशा वाचावा तसे पडद्याकडे बघत होते. "ह्या ओळी लाल कुणी केल्या, बाई?"

"पत्रिकेत तशाच छापल्यात, आबा."

"शेवटची माजी न्हवं? ती पिवळी करा. आन् घाला तितं शून्य."

तिनं तसं केलं. हिरव्या रकान्यात दहा उगवले, पेरलेल्या रानात कोंब दिसावा तसे. पोरांनी बाकं वाजवली. शिवांजलीनं खडू उचलला.

प्राचार्य गहिवरले. माइक त्यांच्या हातात कधी गेला ते त्यांनाही कळलं नाही. "मित्रहो, स्वतःचा सत्कार नाकारायला केवढं मोठं मन लागतं. अशा मनाचा सत्कार झालाच पाहिजे." नेमके तेव्हाच चांदसाहेब लांबडा फेटा घेऊन धापा टाकत दारात आले.

सुभेदार "आवं, न्हाई, न्हाई" म्हणत राहिले. पहिला वेढा बसला. दुसरा बसला. शिवांजलीनं खडू खाली ठेवला आणि लॅपटॉप मिटायला घेतला.

"थांबा, बाई." फेट्याच्या आतून सुभेदारांचा आवाज आला. "माजा प्रश्न ऱ्हायलाय. सांगा रं पोरांनू, आता ह्या गणिताचं काय हुईल?"

"साहेब, मुलांना कसं येणार?" प्राचार्य हसले. "मॅडमनी अजून शिकवलंय कुठं?"

मागच्या बाकावरून क्रांती नावाची पोरगी उठली.

"उत्तर न्हाई निघायचं, आबा. लाल ओळ परत आली की."