दंड

कोलाची पेटी पाठीवर आणि तिचा पट्टा कपाळावर घेऊन पास्कुआला चढण चढून चावडीपाशी आली, तेव्हा तिला धाप लागली होती. दवाखान्यातली नर्स कोलाबंदीचा अर्ज घेऊन येते आणि पाठीवर कोलाच वाहते, म्हणून बाजारातल्या बायका फिदीफिदी हसत होत्या.

पण करणार काय? चियापासच्या या डोंगरात पंचांचे घसे ओले केल्याशिवाय कुणाचा अर्ज ऐकला जात नाही. गेल्या वर्षी ती पाण्याचा हंडा घेऊन आली होती. "आम्ही काय गुरं आहोत?" म्हणून पंच उठून गेले. सरकारने कोलावर कर बसवला, तर महाग वस्तू म्हणून कोलाचा मान आणखीच वाढला!

बाकावर पाच पंच बसले होते. मधोमध पंचप्रमुख साल्वादोर, तिचा बाप. साखरेच्या आजाराने त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली होती. उरलेली तरी राहावीत, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

तिने वाकून पाचांना पाच बाटल्या दिल्या. बापाला देताना हात अडखळला. त्याने ती ओढूनच घेतली.

"बोल, पोरी."

ती पोटतिडकीने बोलली. पंच घोट घेत ऐकत राहिले, मधूनमधून ढेकर देत राहिले. ढेकरेबरोबर अंगातली पीडा बाहेर पडते, असं इथे सगळेच मानतात.

बाटल्या रिकाम्या झाल्या. पंचांनी डोकी एकत्र आणली. मग साल्वादोर काठी आपटून म्हणाला, "पोरीचं खरं आहे. आत्तापासून चावडीत कोला बंद. अर्जदाराने मक्याची पेज आणावी."

पास्कुआलाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आणि जो मोडेल त्याला दंड?" कारकुनाने विचारलं.

"दंड नेहमीचाच. एक पेटी कोला."

"एक कसली?" म्हातारा पंच मारियानो म्हणाला. "विषय गंभीर आहे. दोन लाव."

"अहो, पण तो दंड पिणार कोण?" पास्कुआला ओरडली.

पाचही जण तिच्याकडे बघत राहिले. शिकलीसवरलेली मुलगी, आणि हे काय विचारते!

"पंच पितील," बाप समजुतीने म्हणाला. "दंड ओतून दिला तर न्यायाचा अपमान होईल."

तेवढ्यात मारियानोने तिच्या पेटीकडे बोट दाखवलं. आत अजून सात बाटल्या होत्या. कायदा होऊन चांगली पाच मिनिटं झाली होती.

साल्वादोरने सुस्कारा सोडला. "आपली मुलगी म्हणून सोडता येणार नाही. गाव काय म्हणेल?"

पास्कुआलाने पट्टा पुन्हा कपाळावर चढवला आणि उतरणीला लागली. मागे बापाने चप्पल काढून दुखरा पाय बाकावर घेतला.

"पोरी!" त्याने हाक मारली. "गार बघून आण गं!"