भिंतीवरचा हिरवा चौकोन

रंगाच्या कारखान्यात लाल रंग पास करण्याचं काम आईकडे होतं. पिंपातला रंग लावलेल्या लाल पुठ्ठ्याकडे अर्धा मिनिट टक लावून पाहायचं आणि मग नजर पांढऱ्या भिंतीवर न्यायची. तिथे लालचा पूरक असा हिरवा चौकोन दिसतो. तो फक्त पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. त्यात निळसर झाक दिसली की आई अख्खं पिंप परत पाठवायची.

आज आईच्या जागेसाठी लेकीची परीक्षा होती. पुठ्ठा लेकीच्या हातात होता; आईला त्याची मागची बाजूच दिसत होती.

"पापणी हलली तर आज जेवायला नाही," आई म्हणाली. कामगार हसले.

अर्ध्या मिनिटाने लेकीने पुठ्ठ्यावरची नजर भिंतीवर नेली. "हिरवा आहे, पण निळसर. पिंप परत पाठवा."

"बरोब्बर!" आईचा ऊर भरून आला. "बघा रे, लेक कुणाची आहे! मलाही तेवढाच निळसर दिसतोय."

हसणं थांबलं.

"आई, तू पुठ्ठा पाहिलाच नाहीस."

आईची नजर भिंतीवरच होती. लेकीने डोळे घट्ट मिटून घेतले.

"आता गेला?"

"नाही गं," आई कौतुकाने म्हणाली. "वाढतोय."