गळाची डबी

देगलूरहून पहाटेची एसटी धरून नांदेडच्या विमानतळावर पोचेपर्यंत वीरण्णा पार थकून गेले होते. तपासणीवरच्या पोलिसानं त्यांच्या पिशवीतून मासे धरायच्या दोन काठ्या काढल्या, गळांची डबी उघडून बघितली आणि मग त्यांच्या गळ्यातल्या लिंगाकडं पाहिलं.

"अप्पा, तुम्ही तर लिंगायत. अन् हे?"

"पोराचं हाय. बेंगलोरला असतो. आमच्यात मासळीला शिवत न्हाईत, म्हणून मीच माळ्यावर दडवून ठेवलं होतं."

"हे आत न्हाई नेता येत. मागं जाऊन सामानात देऊन या."

"हाव," म्हणत वीरण्णांनी डबी उचलली, पण ते जागचे हलले नाहीत. मागं रांग खोळंबली.

"आता काय ऱ्हायलं, अप्पा?"

"तुम्ही कुठले?"

"बिलोलीकडचा. मांजरा नदीकाठचा."

"मंग तुम्हाला येत असंल." वीरण्णांनी अंग चोरत एक गळ चिमटीत धरला. "अपघातापास्नं पोराची बोटं वळंनात. गांडूळ आता मलाच लावावं लागंल. कसं लावतात, तेवढं दाखवा."