डक्टमधली जुनी वायर

“वायफायवाले आले की जवळ उभ्या राहा, ताई. स्वतःची वायर ओढताना दुसऱ्याची कापतात,” वॉचमनने बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. नव्या घरात मला एकच घाई होती. ऑफिसात बसून पाळण्यावरच्या कॅमेऱ्यातून बाळ दिसायला हवं होतं.

“मॅडम, डक्टमधली ही जुनी वायर मध्ये येतेय,” बसवणारा म्हणाला.

“मग काढून टाका ना!”

ती खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या सबनीसकाकूंच्या लँडलाइनची होती. परवा त्या बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला. सरपटत फोनपर्यंत पोचल्या, तर फोन बंद. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला त्यांचं कण्हणं ऐकू आलं. अजून आयसीयूत आहेत.

आज वायफाय कंपनीतून फोन आला. “आमच्या सेवेला किती स्टार द्याल?”

मी किंचाळलेच. “न विचारता म्हातारीची वायर कापलीत! लाज नाही वाटत?”

“तुम्हीच सांगितलंत, मॅडम. फॉर्मवर तशी सही आहे तुमची.”

मी फोन आपटला. बाळ दचकून रडायला लागलं.

तुमच्याकडे नुकतंच वायफाय आलंय? मग शेजारच्या काकूंचा नंबर लावा, आणि त्यांच्या दाराशी उभं राहून ऐका, आत फोन वाजतोय का.