ओळीखालचं बोट

ईस्टरच्या सकाळी चौकात बायबलमधलं शास्त्र वाचायचा मान यंदा एस्तेरआजींना मिळाला होता. साठीनंतर अक्षरं शिकलेल्या आजी ओळीखाली बोट ठेवल्याशिवाय वाचत नसत. आदल्या दिवशी चौकातच सरावाला माईक आणि पुस्तक धरल्यावर बोटासाठी हातच उरेना, म्हणून चहावाल्या बिरुदेवनं माईक धरला.

शास्त्रातल्या बायांना येशूच्या कबरेच्या वाटेला लावायलाच आजींना दहा मिनिटं लागली. कबरेच्या तोंडावरचा धोंडा कोण सरकवणार, असं त्या बाया एकमेकींना विचारत होत्या, तिथंच आजी एका जोडाक्षराला अडल्या.

चर्चचे पाळकसाहेब हळूच म्हणाले, "आजी, उद्या कॉलेजातल्या रिबेकाला वाचू द्या. सोलापूरच्या उन्हात एवढा वेळ कोण थांबतंय?"

"व्हय साहेब," म्हणत आजींनी पुस्तक मिटलं.

"ओ आजी, मिटता काय!" बिरुदेव माईकमधूनच ओरडला. "धोंड्याचं काय झालं? सांगा की!" त्याच्या मागं चहाचे रिकामे कप घेऊन वीसेक माणसं उभी होती.

आजींनी पुस्तक पुन्हा उघडलं. पाळकसाहेबांनी घाईनं त्यावर हात ठेवला आणि माईक स्वतःकडं ओढला.

"ते उद्या सकाळी सात वाजता. आजीच सांगतील."